दाराचं वय

मार्चमध्ये दादाचा फोन आला. "मागच्या पडवीचं दार गेलं. खालून पार भुसा झालाय. पावसाच्या आत बदलायला लागेल."

गावच्या घरातलं काहीही 'गेलं' असं ऐकलं की माझ्या पोटात खड्डा पडतो. त्यातून मागची पडवी म्हणजे आजीची जागा. दादाने कंत्राटदाराला बोलावलं होतं. त्याने दोन पर्याय दिले: तयार फायबरचं दार, नाहीतर लोखंडी चौकटीत ठोकलेला पत्रा. दोन्ही एका दिवसात बसतात, वाळवी लागायचा प्रश्न नाही. फोन ठेवता ठेवता मागून पुतण्याचा आवाज आला, "आत्या, लाकडाचं नकोच हां. एका दारासाठी उगाच झाड तुटेल."

पुतण्या विशीतला. झाड म्हटलं की त्याच्या पिढीचा जीव कळवळतो, आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. पण त्या वाक्यापाशी मी अडकले. शाळेत चित्रकलेच्या वहीत मीही तेच लिहीत आले होते, लाकूड वाचवा, झाड वाचवा. ते खरं आहे का, आणि असलं तर कितपत, हा हिशेब मात्र कधी मांडला नव्हता. चार दिवसांची रजा काढली आणि संगमेश्वर गाठलं.

आमचं घर १९५३ सालचं. साल आढ्याखालच्या तुळईवर कोरलेलं आहे, म्हणून वाद नाही. तुळया किंजळीच्या, वासे ऐनाचे, आणि दारं सगळी फणसाची. हा फणस आमच्याच परड्यातला होता. धरायचा थांबला, बुंध्याला पोकळी पडायला लागली, तेव्हा आजोबांनी तो उतरवला. ओंडके दोन पावसाळे व्हाळाच्या डोहात बुडवून ठेवले. लाकडातला रस पाण्यात उतरला की कीड धरत नाही, ही त्यामागची समजूत, आणि ती अनुभवातून आलेली होती. मग दोन करवते आले, एक ओंडक्यावर उभा, दुसरा खाली, आणि त्यांनी हाताने फळ्या पाडल्या. फळ्या माळ्यावर आणखी दोन वर्षं सुकल्या. इंचभर जाडीला वर्षभर वाळवण, असा सुतारांचा ढोबळ हिशेब असतो. आजोबांनी त्याहून जास्तच वाट पाहिली.

दार दोन झडपांचं. बिजागरी नाही. फळीच्याच टोकांना वर-खाली कोरलेले खुंट उंबऱ्यातल्या आणि माथ्यावरच्या भोकांत फिरतात. मागून तीन आडव्या पट्ट्या, त्या लाकडी खुंट्यांनी पक्क्या केलेल्या. अख्ख्या दारात लोखंड म्हणाल तर कडी-कोयंडा. सत्तर वर्षं हात लागून कडीभोवतीचं लाकूड गुळगुळीत झालंय, तळहाताएवढ्या जागेत रंग वेगळाच, जवळजवळ काळसर चहाचा. आणि खाली, उंबऱ्यापासून वीतभर, दादा म्हणाला तसंच. बोट टेकलं की आत जात होतं.

पुतण्याला म्हटलं, उचल एक बाजू. भाताची पोती तोलायच्या काट्यावर दोन्ही झडपा चढवल्या. बेचाळीस किलो.

ओटीवर कागद घेऊन बसलो. हवेत वाळलेल्या लाकडात थोडं पाणी असतंच. ते वजा केलं तर साधारण साडेसदतीस किलो कोरडं लाकूड. कोरड्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. झाडाने तो हवेतून ओढलेला. तो कार्बन हवेत परत गेला तर किती कार्बन डायऑक्साइड होईल, हे काढायला त्या वायूच्या रेणूचं वजन भागिले कार्बनच्या अणूचं वजन, म्हणजे चव्वेचाळीस भागिले बारा, या प्रमाणाने गुणायचं. उत्तर आलं साधारण ६९ किलो. पुतण्याने मोबाइलवर दोनदा तपासलं. म्हणजे आजोबांच्या फणसाने हवेतून उचललेला ६९ किलो वायू गेली सत्तर वर्षं आमच्या मागच्या पडवीत कडी लावून उभा आहे.

"मग लाकूड चांगलं," तो म्हणाला. इतक्या लवकर पारडं फिरलेलं पाहून मलाच त्याला थांबवावं लागलं.

कारण दार कुजलं, जळलं, उकिरड्यावर गेलं की तो सगळा वायू परत निघतो. वस्तूंच्या पर्यावरणीय हिशेबाची जी जगमान्य पद्धत आहे, जीवनचक्र मूल्यमापन, तिची सध्याची मानकं २००६ सालची. त्या पद्धतीने इमारतीच्या सामानाचे जे ताळेबंद आज निघतात त्यांत हे स्पष्ट धरलेलं असतं: झाडाने घेतलेला कार्बन आत येताना वजा मांडायचा आणि वस्तू संपताना तेवढाच अधिक मांडायचा. जमाखर्च शून्य. मग लाकडाचा फायदा उरतो कुठे? तो उरतो मधल्या वर्षांत. वस्तू जितकी वर्षं टिकली तितकी वर्षं तो वायू हवेबाहेर राहिला, आणि तेवढ्या वेळात कापलेल्या झाडाच्या जागी दुसरं वाढायला अवकाश मिळाला. वेळ हाच इथला सगळ्यात मोठा आकडा आहे.

हवामान बदलाचा अभ्यास करणारी आयपीसीसी देशांच्या हिशेबासाठी लाकडी मालाची अर्धी आयुष्यं ठरवून देते. चिरून कापलेलं लाकूड ३५ वर्षं, प्लाय आणि बोर्ड २५ वर्षं, कागद फक्त २ वर्षं. एवढ्या काळात त्या मालातला निम्मा वापरातून गेलेला असतो असं धरायचं. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पुण्याच्या घरातली तीन वर्षांची वर्तमानपत्रांची थप्पी आली. पण आता हे दार पाहताना दुसरं सुचलं. पस्तीस दुणे सत्तर. दोनदा निम्मं झाल्यावर उरते ती चौथाई, आणि हे दार त्या चौथाईतलं आहे.

याच संदर्भात मला त्रिंकोमाली या जहाजाची गोष्ट नेहमी आठवते. नेपोलियनच्या युद्धांत इंग्लंडमधलं ओकचं लाकूड अपुरं पडलं, म्हणून ब्रिटिश आरमाराने मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांकडून मलबारी सागाची जहाजं बांधून घेतली. त्रिंकोमाली १८१७ च्या ऑक्टोबरात पाण्यात उतरलं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगत उभं आहे. मलबारच्या डोंगरात वाढलेले ते साग तुटून दोनशे वर्षांवर काळ लोटला, आणि त्यांनी श्वासात घेतलेली हवा अजून त्या फळ्यांत आहे. अर्थात या सागाच्या मागणीनेच मलबारची जंगलं इतकी ओरबाडली गेली की १८४० च्या दशकात निलांबूरला सागाची लागवड सुरू करायची वेळ आली. एकाच गोष्टीच्या या दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

आता माझ्या स्वतःच्या घरातलं सांगते. २००९ साली पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा बेडरूममध्ये भिंतभर कपाट करून घेतलं. वरून शिसवी रंगाचं लॅमिनेट, आत पार्टिकल बोर्ड. दिसायला देखणं. त्याच्या मागे बाथरूमची भिंत. तिसऱ्या पावसाळ्यात ओल आली, खालची कड फुगली, अगदी चहात बुडवलेल्या पावासारखी. बिजागरीचे स्क्रू धरेनात, कारण धरायला लाकडाची नस अशी काही नव्हतीच, होता तो गोंदात दाबलेला भुसा. दोनदा डागडुजी केली. आठव्या वर्षी कपाट उतरवलं. भंगारवाल्याला बोलावलं तर तो ठोकून बघून म्हणाला, "लाकूड असतं तर नेलं असतं ताई, ह्याचं मी काय करू?" शेवटी काही तुकडे कचऱ्याच्या गाडीत गेले आणि काही सोसायटीच्या वॉचमनने थंडीत शेकोटीला घेतले. त्या धुराने डोळ्यांची आग झाली. मी खाली जाऊन ते विझवायला लावले, पण तोवर बरंच जळलं होतं. ते तुकडे मी त्याच्या हाती लागू दिले, याची बोच मला आजही आहे.

त्या धुरात काय होतं ते मला नंतर कळलं. असले बोर्ड बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या चिकटद्रव्याने बांधलेले असतात. वजनाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास हा गोंदच असतो. तो येतो नैसर्गिक वायू, कोळसा यांपासून बनणाऱ्या रसायनांतून, म्हणजे लाकडाच्या वस्तूत जमिनीखालचं इंधन दडून येतं. शिवाय फॉर्मल्डिहाइड थोडा थोडा हवेत सुटत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तो माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात टाकला. म्हणून आता बोर्ड घेताना तो ई-वन की ई-झिरो, हे मी विचारते. त्यावरून किती वायू सुटतो ते ठरतं. दुकानदार कधीकधी माझ्याकडे विचित्र नजरेने बघतो, पण विचारणारे वाढले की उत्तरंही तयार राहू लागतील.

बोर्डाची बाजूही मांडायला हवी, कारण त्याच्यावर नुसता राग काढणं अन्यायाचं होईल. ओंडका चिरला की त्याचा मोठा हिस्सा फळी होत नाही. साल, कडा, भुसा, ढलप्या उरतात. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ हे त्याच उरल्यासुरल्यातून आणि बारीक लाकडातून होतात. एका झाडाचं जास्तीत जास्त वापरात आणायची ही युक्ती खरोखर चांगली आहे. प्लायचंही तसंच. हरियाणातलं यमुनानगर हे आपल्या प्लायवूडचं मोठं केंद्र. तिथे जाणारं लाकूड पुष्कळसं शेताच्या बांधावरच्या पॉप्लर आणि निलगिरीचं असतं. पाच-सात वर्षांत पॉप्लर कापणीला येतो, शेतकऱ्याला पैसा मिळतो, जंगलाला हात लागत नाही. १९८८ च्या राष्ट्रीय वनधोरणाने कारखान्यांना हेच सांगितलं होतं की आपला कच्चा माल शेतकऱ्यांकडून उभा करा. पुढे डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जंगलतोडीला लगाम घातला, तेव्हा तर ही वाट घ्यावीच लागली. तेव्हा बोर्ड वाईट म्हणून माझं कपाट वाईट ठरलं नाही. ओलीच्या भिंतीला ते लावलं, कडा उघड्या ठेवल्या, दुरुस्त करता येणार नाही असं बांधलं, म्हणून ते आठ वर्षांत संपलं. कोरड्या भिंतीला, चारही कडा नीट बंद करून, खिळे-गोंदाऐवजी उघडता येतील अशा स्क्रूंनी जोडलं असतं तर ते पंचवीस वर्षं सहज गेलं असतं.

पुतण्याला मी हे सांगत होते तेव्हा त्याने नेमकी जागा पकडली. "म्हणजे फायबरचं दार आणि लाकडाचं दार अशी एकास एक तुलना चूक आहे."

अगदी बरोबर. या शास्त्राचा गाभाच तो आहे. वस्तूंची तुलना करायची नसते, कामाची करायची असते. आमचं काम होतं: मागच्या पडवीची चौकट साठ वर्षं उघड-बंद होत राहणं. फायबरचं दार पंधरा वर्षं टिकेल, असं कंत्राटदार स्वतःच म्हणाला होता. म्हणजे साठ वर्षांत चार दारं, चार वाहतुकी, आणि चार वेळा फेकायला जागा शोधणं. पत्र्याचं दार? एक किलो पोलाद तयार होताना दोन ते अडीच किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि आमच्या खाऱ्या-ओल्या हवेत गंज चढायला किती पावसाळे लागतात ते दादाला माझ्याहून जास्त माहीत आहे.

लाकूड टाळलं की झाड वाचलं, ही समजूत केवळ पुतण्याची नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने १९९३ साली आपल्या इमारतींत लाकूड वापरायला बंदी घातली होती, जंगलं वाचावीत म्हणूनच. हेतू चांगला होता. लाकडाची जागा घेतली ॲल्युमिनियम, पोलाद, पीव्हीसी यांनी, आणि यांतलं प्रत्येक भट्टीतून नाहीतर तेला-वायूच्या कारखान्यातून येतं. ती बंदी २०२० साली उठली.

"पण आत्या, ते झाड उभंच राहिलं असतं तर?" त्याने विचारलं, आणि हा प्रश्न टाळण्यासारखा नाही.

आमच्या फणसापुरतं उत्तर सोपं आहे. तो पोकळ होत चालला होता, उभा राहता तरी कुजलाच असता. आजोबांनी त्याच्या जागी चार रोपं लावली, त्यातली दोन जगली, आज त्यांचेच गरे आम्ही खातो. पण हे उत्तर साऱ्या लाकडाला लागू पडत नाही. एस.टी.तून येताना घाटाच्या अलीकडे तोडलेले डोंगर दिसतात. खासगी मालकीचं रान, ऐन, किंजळ, जांभूळ, सगळं सरसकट आडवं होतं आणि जळाऊ लाकूड म्हणून ट्रकमध्ये भरून घाटावर जातं. जे लाकूड सत्तर वर्षं दार होऊन राहिलं असतं ते एका दुपारीत भट्टीत जातं. शिवाय उघडी पडलेली जमीन पहिल्याच पावसात वाहते, झरे आटतात, धनेशाला घरट्याची ढोली मिळत नाही. हे नुकसान किलोत मोजता येत नाही आणि म्हणून कार्बनच्या ताळेबंदात ते नीट दिसतही नाही. लाकडात कार्बन साठतो या वाक्याचा आधार घेऊन कुणी रान साफ करत असेल तर मी त्याच्या विरोधात उभी राहीन. रान म्हणजे लाकडाची वखार नव्हे.

म्हणून लाकूड घेताना पहिला प्रश्न: कुठलं? म्यानमारने २०१४ च्या एप्रिलपासून सागाचे ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं, तरी 'बर्मा टीक' हा शब्द बाजारात अजून प्रतिष्ठेचा आहे. मला त्या शब्दाची भीती वाटते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचा साग वनखात्याच्या आगारातून लिलावाने विकला जातो, त्याचे कागद असतात. लाकूड नीट राखलेल्या जंगलातलं आहे असं सांगणारी एफएससीसारखी प्रमाणपत्रंही १९९३ पासून आहेत. ती काही रामबाण नव्हेत, पण ओंडका कुठल्या रानातून निघाला याचा माग त्यांनी लागतो. आणि सगळ्यात कमी बोजा ज्याचा, ते लाकूड म्हणजे आधीच तुटलेलं. पुण्यात वाडे पाडले जातात तेव्हा त्यांतल्या तुळया, खांब, दारं विकायला येतात. मी ज्या टेबलावर हे लिहितेय ते अशाच एका तुळईचं आहे. एका बाजूला जुन्या खिळ्याचं भोक आहे, ते मी बुजवू दिलं नाही.

आजीला हे शास्त्र शिकवावं लागलं नव्हतं. पडवीतला एक खांब वाळवीने खाल्ला तेव्हा त्याच्या चांगल्या भागातून दोन पाट आणि एक विळीचा पाट झाला. त्यातला एक पाट चिरला, त्याचं खुराड्याचं झाकण झालं. झाकण मोडलं, त्याच्या पाचरी झाल्या. कुऱ्हाडीचा दांडा ढिला झाला की आजी पाचर शोधायची. अगदीच उरलं ते चुलीत, आणि चुलीतली राख भांड्यांना नाहीतर माडाच्या बुंध्याला. युरोपात आज याच पद्धतीवर धोरणं आखली जातात: एकदा तुटलेलं लाकूड आधी तुळईत, मग फळीत, मग बोर्डात, आणि जाळायचं ते सगळ्यात शेवटी. आमच्या मागच्या पडवीत हे सगळे टप्पे मी लहानपणी एकाच भिंतीला टेकलेले पाहिले आहेत.

तिसऱ्या दिवशी तात्या सुतार आले. वय पंचाहत्तरीपार. दार आडवं टाकलं, पटाशीने खालचं कुजकं टोकरत गेले, भुसा फुंकरीने उडवत. वीतभर वर पोचल्यावर पटाशीचा आवाज बदलला, टक्क असा. त्यांनी मान हलवली.

"दार मेलेलं नाय बाय. पाय तेवढं कुजलंत."

तौक्ते वादळात, २०२१ च्या मे महिन्यात, त्या जगलेल्या दोन फणसांपैकी एकाची मांडीएवढी फांदी मोडली होती. दादाने ती माळ्यावर टाकून ठेवली होती, विसरलाही होता. तात्यांनी ती खाली काढायला लावली, करवतीने चिरली आणि आतून इतका पिवळाधमक रंग निघाला की पुतण्या म्हणाला, ही हळद आहे. फणसाचं लाकूड ताजं असंच असतं. याच लाकडाच्या रंगात पूर्वी बौद्ध भिक्षूंची वस्त्रं रंगवत. तात्यांनी जुन्या फळीचं टोक अर्ध्या जाडीत तिरकं छाटलं, नव्या तुकड्याला तशीच उलटी खाच घेतली, दोन्ही एकमेकांवर बसवले. कागदही आत जाईना. मग गिरमिटाने भोकं पाडून किंजळीच्या खुंट्या ठोकल्या. खालचा फिरता खुंट नव्या तुकड्यातच कोरला. दीड दिवस लागला. पुतण्या पूर्ण वेळ शेजारी बसून होता, खुंट्या त्यानेच घडवल्या, पहिल्या चार मोडल्या.

शेवटी उंबऱ्याला लागणाऱ्या तळाला तात्यांनी काजूच्या टरफलांचं काळं तेल पाजलं. हाताला लागलं तर सालपटं निघतात, म्हणून पोराला लांब बसवलं. आणि दादाला सांगितलं, पागोळीचं पाणी उंबऱ्यावर येतंय ते आधी वळव, दार त्यानेच खाल्लंय. पन्हळ सरकवायला अर्धा तास लागला.

दार बसवल्यावर ते विचित्र दिसत होतं. वर सत्तर वर्षांचा काळपट तपकिरी आणि खाली वीतभर लखलखीत पिवळी पट्टी, पाय हळदीत बुडवून आल्यासारखी. वहिनी म्हणाली, पॉलिश मारून एकसारखं करूया का? तात्यांनी हात जोडले. "ऊन लागूंदे त्येला. येतो रंगावर."

गणपतीला गेले तेव्हा आधी मागच्या पडवीत गेले. पट्टी हळदीवरून मधाच्या रंगावर आली होती. सांधा अजून स्वच्छ दिसतो. कडी काढून झडप ढकलली, ती आवाज न करता फिरली, आणि परड्यातल्या फणसाखालचा ओला पाचोळा थेट उंबऱ्यापर्यंत आलेला दिसला. पुतण्या केरसुणी घेऊन आलाच होता.